शेवग्याच्या बिया आणि फिलूची तळी

मिसिसागातल्या आमच्या कॉन्डोखालून जो हुरोंटारिओ रस्ता जातो, तो पुढे कुठे जातो हे मी इतक्या वर्षांत कधी पाहिलंच नव्हतं. बँक, डेंटिस्ट आणि इंडियन ग्रोसरी एवढ्यापुरताच तो माझा. तोच रस्ता पुढे हायवे टेन होतो आणि डोंगरदऱ्यांतून थेट जॉर्जियन बेकडे जातो, हे मधुकररावांनी, म्हणजे आमच्या नवरोजींनी, मला कितीदा तरी ऐकवलं होतं. त्यांना नकाशे पाठ करायची खोड आहे आणि मला न ऐकायची. २०१७चा उन्हाळा संपत आला होता, कॅनडाच्या दीडशेव्या वर्षाचे झेंडे अजून बाल्कन्यांवर लटकत होते, तेव्हा फिलूचा फोन आला आणि त्या रस्त्याच्या वरच्या टोकाकडे जाणं भागच पडलं.

फिलू म्हणजे फिलोमिना, मूळची वसईची. आम्ही दोघी नव्यानं कॅनडात आलो तेव्हा एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो. लाँड्री रूममध्ये ड्रायरवर हात आपटत कुणीतरी अस्सल मराठीत त्या मशीनचा उद्धार करत होतं, ती फिलू. तेव्हापासूनची मैत्री आहे. तिचा नवरा पास्कल कारखान्यात इंजिनियर होता. रिटायर झाल्यावर लोक क्रूझवर जातात, यानं बीव्हर व्हॅलीच्या बाजूला छोटासा ट्राउट माशांचा फार्म घेतला आणि फिलूला घेऊन तिकडे राहायला गेला.

"नलू, तू पाण्याच्या लॅबमध्ये होतीस ना?" फिलूनं फोनवर विचारलं.

"अगं, रिटायर होऊन जमाना झाला."

"पाणी तेच आहे अजून. ये तू. पास्कलचं तळं गढूळ झालंय आणि तो नीट जेवत नाहीये."

भानगड अशी होती. फार्मवर झऱ्याचं गार पाणी एका बाजूनं तळ्यांत येतं, माशांमधून फिरतं आणि दुसऱ्या बाजूनं ओढ्यात जातं. जाताना माशांची घाण आणि उरलेलं खाद्य सोबत घेऊन जातं. ते खाली बसावं म्हणून शेवटी एक वेगळं तळं आहे, पण त्या वर्षी मासे वाढले आणि त्या तळ्याला काही झेपेना. ओढ्यात जंगली ट्राउट आहेत. पानगळीत ते तळच्या स्वच्छ खड्यांवर अंडी घालतात. त्यावर आपला गाळ जाऊन बसतोय, ही गोष्ट पास्कलला सहन होत नव्हती. त्यानं ठरवून टाकलं होतं, पानगळीच्या आत पाणी निवळलं नाही तर मासे विकायचे आणि फार्मही विकायचा.

तुम्ही म्हणाल, तुरटी घाला. अहो, मी आयुष्यभर दुसरं काय केलं? शहराच्या पाण्यात तुरटी किती घालायची हे बघण्यातच माझी नोकरी गेली. पण तुरटीनं खाली बसलेला गाळ ठेवायचा कुठे? शेजारचा शेतकरी डग तो आपल्या गवताच्या शेताला खत म्हणून न्यायला तयार होता. त्याची एकच अट होती, त्यात केमिकल नको.

मग मला आमचं माहेरचं गुऱ्हाळ आठवलं. काहिलीत उसाचा रस उकळायला लागला की त्यात भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी घालायचे. सगळी मळी पकडून वर यायची आणि खाली रस कसा सोन्यासारखा. म्हणून मी आधी घरी सिंकमध्ये भेंडी कुस्करून प्रयोग केला. उकळत्या रसात जे जमतं ते कॅनडातल्या गार पाण्यात जमलं नाही, नुसतं बुळबुळीत गढूळ पाणी तयार झालं आणि त्या संध्याकाळी उरलेल्या भेंडीची भाजी खावी लागली. मग शेवग्याकडे वळले. शेवग्याच्या वाळलेल्या बिया कुटून गढूळ पाण्यात घातल्या की गाळ खाली बसतो, हे आपल्याकडे खूप ठिकाणी माहीत आहे. इथे शेवग्याला मोरिंगा म्हणतात आणि हेल्थ फूडच्या दुकानात तो नट्टापट्टा करून बसलेला असतो. मी दोन पिशव्या बिया आणल्या. टीव्ही बघत बघत टरफलं आम्ही दोघांनी काढली. घरच्या बाटलीत मातीचं पाणी घेऊन करून पाहिलं आणि शेवग्यानं माझी लाज राखली. एक पिशवी मोठ्या बॅगेत टाकली, दुसरी गाडीच्या डिकीत, आणि निघालो.

पहिला दिवस

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी सांगते. सकाळी ट्रॅफिकच्या आधी निघा, ऑरेंजव्हिलच्या पुढे रस्ता आपलाच असतो. तिथे थांबून वॉशरूम आणि कॉफी उरकून घ्या, कारण पुढे मनासारखी जागा मिळेलच असं नाही. गावं आली की वेग एकदम कमी करावा लागतो आणि पोलीस ती पाटी न वाचणाऱ्यांचीच वाट बघत असतात. शेलबर्नजवळ पवनचक्क्यांची मोठी रांग लागते. मधुकररावांनी तिथे गाडी हळू केली आणि प्रत्येक पातं किती लांब असेल यावर व्याख्यान दिलं. फ्लेशर्टन सोडून आत वळलं की रस्ता दरीत उतरतो आणि फोनचा सिग्नल जातो. नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा. नाहीतर माझ्यासारखा पाठांतर केलेला नवरा सोबत घ्या. दोन्ही बाजूंना मेपल होते, एखादीच फांदी लाल झालेली. गवत कापून गोल गठ्ठे करून ठेवले होते. इतकं सुंदर असेल असं वाटलं नव्हतं.

फिलू दारातच उभी होती. एप्रनला हात पुसत आली आणि मिठी मारली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "केवढी बारीक झालीस गं," जे धादांत खोटं होतं. पास्कलही मागून आला. एरवी लांबूनच "वहिनी!" म्हणून आरोळी ठोकणारा माणूस. त्या दिवशी नुसता हसला.

जेवायच्या आधीच कामाला लागलो. बिया कुटायचं काम मी फिलूला दिलं. तिचा स्वयंपाक चालू होताच. कालवणासाठी खोबरं आणि वर्षभर बाटलीत भरून ठेवतात तो वसईचा मसाला भाजत होती, सगळ्या घरात वास दरवळत होता.

"या मिक्सरला लाव आणि अगदी बारीक कर. तोवर मी पाणी घेऊन येते," मी तिला पिशवी दिली.

"एवढंच ना? मला वाटलं काय सायन्स आहे."

मी आणि मधुकरराव तळ्यांवर गेलो. पाण्यात ट्राउट चमकत होते, खाद्य टाकलं की पाणी नुसतं उकळल्यासारखं दिसायचं. पास्कल प्रत्येक तळ्याशी थांबत होता. कुठला मासा पुढे येतो, कुठला मागे राहतो, कोण दुसऱ्याचं खातो, हे सगळं सांगत होता. शेवटच्या तळ्याकडे मात्र त्यानं नुसतं बोट दाखवलं. पाणी मातकट करडं होतं आणि तसंच ओढ्याकडे वाहत होतं. मग तो बादली आणायला घरात जाऊन आला.

गोठ्यासारख्या एका शेडमध्ये, माशांच्या खाद्याच्या पोत्यांच्या शेजारी, मी फिलूच्या लोणच्याच्या रिकाम्या बरण्या ओळीनं मांडल्या. प्रत्येकीत तळ्याचं पाणी घेतलं. फिलूनं दिलेली पूड पाण्यात कालवून फडक्यातून गाळली आणि कमी-जास्त प्रमाणात एकेका बरणीत घातली. आधी भराभर ढवळायचं, मग अगदी हळू. हळू ढवळताना बारीक कण एकमेकांना चिकटून पुंजके व्हायला लागतात आणि मग आपल्या वजनानं खाली बसतात. निदान बसायला हवेत. आम्ही जेवून आलो, फिलूच्या हातचं ट्राउटचं कालवण दोनदा मागून घेतलं, आणि परत जाऊन पाहिलं तर बरण्या होत्या तशाच. उलट वर तेलाचा तवंग आला होता. गार पाण्याला वेळ लागतो, म्हणून आणखी थांबलो. काही नाही. सगळ्या बरण्या सारख्याच करड्या.

पास्कलनं एक बरणी उचलून उजेडात धरली. बराच वेळ बघितली आणि हळूच खाली ठेवली.

"राहू द्या वहिनी. तुम्ही आलात हेच खूप झालं."

मी एकेक बरणी उचलून ओतायला लागले.

संध्याकाळी फिलू भांडी विसळत होती, मी पुसत होते. मुलाचा फोन येऊन गेला होता. स्पीकरवर नात तिच्या स्टेजवरच्या कार्यक्रमाबद्दल विचारत होती, "ग्रँडमा, आर यू कमिंग फॉर माय रिसायटल?" आणि फिलू म्हणाली होती, बघू हं बेबी, ग्रँडपाला फिश सोडून येता येत नाही. फोन ठेवल्यापासून ती एकच ताट घासत होती.

"तुला खरं सांगू?" ती म्हणाली. "पहिल्या विंटरलाच मला परत जायचं होतं. इथे स्नो पडला की चार-चार दिवस माणूस दिसत नाही. पास्कल शोव्हल करत असतो, मी खिडकीत. मुलगा तिकडे मिसिसागात, नात तिकडे."

"मग बोलली का नाहीस त्याच्याशी?"

"बोलले तर तो उद्याच्या उद्या सगळं विकेल. ओळखत नाहीस का तू त्याला? म्हणून बोलत नाही." तिनं नळ बंद केला. "आता तसंही विकावं लागणार. तू त्याला उगीच आशा दाखवू नकोस हां. नाही झालं तर नाही म्हणून सांग सरळ."

मी हो म्हटलं. पण त्या रात्री मला माझीच पंचाईत कळत नव्हती. पाणी निवळलं तर माझी मैत्रीण त्या खिडकीत बसणार आणि नाही निवळलं तर तिच्या नवऱ्याचं तोंड आज दिसलं तसं दिसत राहणार.

दुसरा दिवस

सकाळी दरीत धुकं होतं. पास्कल चहाआधीच तळ्यांवर गेला होता. खिडकीतून दिसत होता, लांब दांड्याच्या जाळीनं पाण्यातली पानं काढत होता. ज्या तळ्याला निरोप द्यायचाय त्यातली पानं काढणारा माणूस. मी बघितलं नाही फार वेळ.

मधुकररावांना मात्र चैन पडत नव्हतं. "पण घरी जमलं होतं ना? मग इथेच का नाही?" अंड्याचा तुकडा तोंडात टाकत त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"पाणी गार आहे. आणि माशांची घाण वेगळी, माती वेगळी," मी म्हटलं. "पण अहो, थोडा तरी फरक पडायला हवा होता. बियांमध्ये एक प्रोटीन असतं, ते घाणीला धरून ठेवतं. हे अंडं बघा. कच्चं असताना पांढरं कसं चिकट असतं, आणि तव्यावर पडलं की संपलं. तसं काही ते शिजलेलं तर नव्हतं…"

फिलू चहा ओतत होती. तिनं माझा कप भरला. मधुकररावांचा भरला. मग किटली हातात धरून तशीच उभी राहिली, बाहेर पास्कलकडे बघत. मला तेव्हा वाटलं, साखर आहे का संपली ते आठवतेय.

"नलू," ती म्हणाली, "मी भाजल्या होत्या गं."

"काय?"

"बिया. पिशवीत ओलसर लागल्या हाताला. खोबरं भाजून झालं होतं, पॅन गरमच होता, म्हटलं जरा भाजून घेऊ, मिक्सरला बऱ्या पडतील. चांगल्या खमंग भाजल्या. तूच म्हणाली होतीस ना, अगदी बारीक कर?"

आता मला सांगा, कुठल्या मराठी बाईला मी दोष देणार? दाण्याचं कूट असो, तीळ असो, खोबरं असो, भाजल्याशिवाय कुटायचं हे आपल्या हातालाच ठाऊक नाही. आणि मी तरी काय, पूड तांबूस दिसली होती ती चुकून राहिलेल्या टरफलाची म्हणून सोडून दिली. खाद्याच्या पोत्यांशेजारी कसला वास येणार होता मला! मी हसायलाच लागले, आणि फिलू मात्र हसेना. ती तशीच किटली घेऊन उभी. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला की ती गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं, आणि पानगळ संपता संपता ती मिसिसागात नातीजवळ असती.

डिकीतली दुसरी पिशवी मी आणली. या वेळी मिक्सर मीच लावला आणि फिलू दाराशी हाताची घडी घालून, "पॅनला हातसुद्धा लावत नाही बघ," म्हणत उभी राहिली. दुधासारखं पांढरं पाणी फडक्यातून उतरलं. बरण्या पुन्हा मांडल्या. भराभर, मग हळू. पास्कल यायला तयार नव्हता, मधुकररावांनी त्याला हाताला धरून आणलं.

आधी काहीच दिसलं नाही. मग मधल्या बरणीत बारीक बारीक कण दिसायला लागले, दूध नासल्यासारखे. ते मोठे झाले, रेंगाळले आणि सावकाश खाली जायला लागले. वरून बोटभर पाणी स्वच्छ झालं, मग दोन बोटं. बरणीच्या पलीकडची फिलूच्या एप्रनवरची फुलं दिसायला लागली.

 पास्कलनं आधी बरणीकडे बघितलं, मग फिलूकडे. फार वेळ तिच्याकडेच बघत होता. मला वाटलं आनंदानं.

दुपारभर मग धांदल. पास्कलकडे दुधाची एक जुनी स्टीलची टाकी होती, तिला त्यानं मोटर आणि वल्ह्यासारखी पाती बसवली. रिटायर झालेल्या इंजिनियरला अशी संधी मिळाली की तो वीस वर्षांनी लहान होतो. शेवटच्या तळ्याचं पाणी बियांचा रस घालून टाकीत फिरवलं आणि गाळ खाली बसल्यावर वरचं पाणी ओढ्याकडे सोडलं. डग ट्रॅक्टर घेऊन बघायला आला. टाकीच्या तळाशी बसलेला गाळ त्यानं बोटावर घेतला, हुंगला.

"नो केमिकल्स?"

"जस्ट सीड्स," पास्कल म्हणाला. "माय वाइफ ग्राइंड्स देम."

"वेल, आय विल टेक ऑल यू गॉट," डग म्हणाला आणि फिलूकडे बघून टोपीला हात लावला.

तुमच्यापैकी कुणाकडे तळं असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. हा रस रोज ताजा करावा लागतो, ठेवला तर नासतो आणि पाणी आणखी बिघडवतो. आणि वाटेल तेवढा ओतायचा नाही. आधी बरण्यांत बघायचं, जेवढ्यात निवळतं तेवढाच. पाणी काही काचेसारखं झालं नाही, पण ओढ्याच्या तळातले खडे दिसायला लागले आणि पास्कलला तेवढंच हवं होतं.

तिसरा दिवस

सकाळी निघायच्या आधी पास्कलनं मला ओढ्यापर्यंत नेलं. टाकीतलं पाणी खळखळ पडत होतं.

"वहिनी, एक सांगू? मला परवा दुपारीच वास आला होता."

"कसला?"

"बिया भाजल्याचा. बादली घ्यायला आत गेलो तेव्हा. फिलू पॅनमध्ये त्या हलवत होती. तुम्ही कच्च्याच कुटायच्या म्हणालात, हे मला ठाऊक होतं. गाडीतून सामान उतरवताना मला सांगितलं होतंत, म्हटलं फिलूलाही सांगितलं असणार."

"मग बोलला का नाहीत? तुमचा फार्म जात होता!"

"मला वाटलं, तिनं मुद्दाम केलं." तो ओढ्याकडे बघत होता. "तिला इथे करमत नाही, मला कळत नाही का? पण ती तोंडानं कधी मागणार नाही. म्हटलं, बोलून नाही तर भाजून मागतेय, देऊन टाकू. म्हणून गप्प बसलो. आणि काल सकाळी मधुकर म्हणाला, फिलूनं स्वतःच सांगितलं." त्यानं बाहीनं डोळे पुसले. माझेही डोळे भरून आले, आणि मी त्या पाण्याकडे बघत उभी राहिले.

"तिला सांगू का मी हे?"

"आत्ता नको. विंटर होऊन जाऊ दे. आधी मला काहीतरी करू दे."

फिलूनं जाताना माशाचं लोणचं दिलं, निवळलेल्या पाण्याची एक बरणी आठवण म्हणून दिली आणि डोळे पुसत, "पुढच्या वेळी भाजायचं काही आणू नकोस," म्हणाली. परतीच्या वाटेवर थॉर्नबरीकडून वळसा घातला. सप्टेंबरात तिथे सफरचंदांची टोपली रस्त्याकडेला मिळते, पैसे डब्यात टाकायचे. मधुकररावांनी पवनचक्क्यांचं उरलेलं व्याख्यान पूर्ण केलं. मी एकदाही थांबवलं नाही.

घरी

आता एप्रिल आहे. ती बरणी अजून माझ्या खिडकीत आहे, गाळ खाली आणि पाणी वर. दाणे भाजायला घेतले की मी तिच्याकडे बघते. मधुकरराव विचारतात, "प्रोटीन मेलं का?"

पास्कलनं काय केलं ते सांगायचं राहिलं. त्यानं डगला माशांना खाऊ घालायला आणि कच्च्या बियांचा रस करायला शिकवलं आणि नाताळपासून मार्चपर्यंत तो फिलूला घेऊन मुलाच्या बेसमेंटमध्ये येऊन राहिला. दर आठवड्याला एकदा फार्मवर ड्राइव्ह करून जायचा, परत यायचा. नातीचं रिसायटल दोघांनी पहिल्या रांगेत बसून पाहिलं. फिलू मला म्हणाली, "याला अचानक कसं सुचलं गं? मी तर काही बोललेही नव्हते."

फिलू, तू हा ब्लॉग वाचतेस, मला माहीत आहे. पास्कल म्हणाला होता विंटर होऊन जाऊ दे. आता झालाय, तेव्हा वर जाऊन तिसरा दिवस पुन्हा एकदा वाच. आणि मग चहा ठेव, तो तळ्यांवरून येतच असेल.